आजीचा फोन आणि प्लॅटफॉर्मचं गणित

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. मेसच्या भाजीत बटाटे जास्त की पाणी जास्त हा पहिला, आणि अँड्रॉइड चांगला की आयफोन हा दुसरा. पहिल्यावर लिहिण्याची माझी हिंमत नाही. दुसऱ्यावर मात्र या सुट्टीत मला थोडा अभ्यास करावा लागला, तो इथे मांडते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला.

अभ्यास करावा लागला तो आजीमुळे. आजी लालबागला चाळीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि आजीने डबे करून घर चालवलं. शाळा चौथीपर्यंतच, पण पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिला बाबांनी दोन वर्षांपूर्वी एका सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून स्मार्टफोन घेऊन दिला होता. या मे महिन्यात एक दिवस त्यातलं पैसे भरायचं ॲप उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली होती की या फोनची सिस्टीम जुनी झाली आहे. आजीला ती वाचता आली नाही. आपल्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असं समजून तिने फोन बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. तीन दिवस तिचा फोन लागेना. शेवटी बाबा ऑफिसमधून थेट लालबागला धावले. आजी दारातच बसली होती, म्हणाली, "अरे, मी तो बिघडवला. तुला सांगायची लाज वाटली."

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी दोन वर्षं आजीला मेसेज पाठवत होते ते सगळे रोमन लिपीत. ते वाचून घ्यायला ती शेजारच्या मुलाकडे जायची, हे मला तेव्हा कळलं.

बाबा म्हणाले, तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग आता नवा फोन तूच ठरव. चला तर मग, ठरवूया.

१. आपण निवडतो काय?

दुकानात आपल्याला वाटतं की आपण कंपनी निवडतोय, कॅमेरा निवडतोय. खरं तर आपण एक प्लॅटफॉर्म निवडत असतो. प्लॅटफॉर्म म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावर चालणारी ॲप्स, ती ॲप्स पुरवणारं दुकान, आणि हे सगळं किती वर्षं सांभाळू याचं वचन. हार्डवेअर तुमच्या खिशात असतं, पण वचन पाळणारा दुसरीकडेच बसलेला असतो.

हे समजायला थोडा इतिहास पाहू. सिम्बियन ही १९९८ साली सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून उभी केलेली कंपनी. एके काळी आपल्याकडे 'चांगला फोन' म्हणजे सिम्बियनवाला नोकिया. आयफोन ३जी भारतात २२ ऑगस्ट २००८ ला आला, किंमत ३१,००० रुपयांपासून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विकला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. पुढे काय झालं? व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सिम्बियनची साथ सोडली आणि २०१९ संपताना विंडोज फोनची. ब्लॅकबेरीच्या जुन्या सिस्टीमच्या सेवा ४ जानेवारी २०२२ पासून बंद झाल्या. यातले कित्येक फोन आजही चालू होतील, बॅटरी चढेल, दिवा लागेल. पण त्यांच्यावर कामाचं फारसं काही होणार नाही. आजीच्या फोनचं नेमकं हेच झालं होतं, फक्त छोट्या प्रमाणावर. तिने काहीच बिघडवलं नव्हतं.

२. मराठीची परीक्षा

आजीसाठी पहिला प्रश्न हा, की फोनला मराठी येतं का? यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: मराठी दिसणं, मराठी टाइप होणं, आणि फोनचे मेन्यू मराठीत असणं.

दिसणं वाटतं तितकं सोपं नाही. 'किती' हा शब्द घ्या. मेमरीत आधी 'क' साठवला जातो, मग वेलांटी. पण स्क्रीनवर वेलांटी आधी यावी लागते. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं, आयफोनमध्ये ॲपलचं कोअर टेक्स्ट. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० च्या आधीच्या बहुतेक फोनांवर मराठी एक तर चौकोन-चौकोन दिसायचं किंवा वेलांट्या भलतीकडे पडायच्या.

आता फोन दुकानात हातात घेतलात की या तीन चाचण्या करा. एक, 'दुसऱ्या' टाइप करून पाहा. त्यातला अर्धा र हा खास मराठीचा, हिंदीत तो लागत नाही, म्हणून कच्च्या कीबोर्डवर तो सापडतच नाही. दोन, 'ॲम्ब्युलन्स' लिहा. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तीन, 'ल' आणि 'श' नीट बघा. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात. ते कसे काढायचे हे राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ठरवून दिलं होतं. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना एकच क्रमांक. मजकूर मराठी आहे हे फोनला कळलं आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली, तरच मराठी वळण दिसतं.

टाइप करायला दोन्हीकडे कीबोर्ड आहेत. आपल्या मुंबईतल्या आय.आय.टी.मध्ये अँड्रॉइडसाठी 'स्वरचक्र' बनला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती स्वरांचं चक्र उमटतं, म्हणजे बाराखडी येणाऱ्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. मेन्यूंच्या बाबतीत अँड्रॉइड बराच पुढे होता. मराठी ही पूर्ण सिस्टीमची भाषा म्हणून २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये आली. आयफोनमध्ये हीच सोय यायला २०२५ चं आयओएस १८.४ उजाडावं लागलं. दहा वर्षांहून जास्त फरक! म्हणजे आज दोघांनाही मराठी येतं, पण एकाला सवय जास्त आहे.

बटणांचा साधा फोनही मी यादीत ठेवला होता. आपल्या मानक संस्थेच्या २०१६ च्या मानकानुसार (आयएस १६३३३, भाग ३) फोनवर २२ अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत. साध्या फोनवरून पैसे भरायची यूपीआय १२३पे ही सोयही मार्च २०२२ पासून आहे. पण आजीला नातवंडांचे चेहरे बघायचे असतात, त्याला हा फोन कसा पुरणार?

३. वर्षांचा हिशोब

लॅमिंग्टन रोडला मी चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी रॅम, मेगापिक्सेल आणि 'मॅडम, आज घेतलात तर कव्हर फ्री' एवढं ऐकलं. अपडेट किती वर्षं मिळणार, हे एकानेही आपणहून सांगितलं नाही. आणि आजीचा फोन मेला तो याच कारणाने.

म्हणून एक सोपं सूत्र वापरा: किंमत भागिले अपडेटची उरलेली वर्षं. समजा १२,००० चा फोन आहे आणि दोनच वर्षं उरली आहेत, तर वर्षाला ६,००० पडले. १८,००० च्या फोनला सहा वर्षं असतील, तर वर्षाला ३,०००. म्हणजे 'महाग' फोन निम्म्या भावात पडला. ६०,००० च्या फोनला सात वर्षं धरली तरी वर्षाला साधारण ८,५७० होतात.

इथे 'उरलेली' हा शब्द महत्त्वाचा. वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची वर्षं आधीच खर्च झालेली असतात. बाबा तिथेच फसले.

आयफोन यात पूर्वीपासून पक्का. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक फरक. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन दिलं, त्याच वर्षीच्या मध्यम किमतीच्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षांचं. पण याच किमतीत दोन वर्षांवर बोळवण करणारे फोनही असतात. म्हणजे 'अँड्रॉइड' हे उत्तर अर्धवट आहे. कुठला अँड्रॉइड, हे विचारायलाच हवं.

४. गुणतक्ता

डिझाइनच्या तासाला आपण निर्णयतक्ता शिकलो तो आठवा. प्रत्येक निकषाला वजन द्यायचं, एकूण १००. प्रत्येक पर्यायाला पाचपैकी गुण. गुणाकार करा, बेरीज करा. आजीसाठी मी असा केला. कंसातले गुण क्रमाने नवा मध्यम किमतीचा अँड्रॉइड, नवा आयफोन आणि साधा फोन यांचे:

मराठी, वजन ३० (५, ४, २)
किंमत, वजन २५ (४, १, ५)
अपडेटची वर्षं, वजन २० (३, ४, १)
चाळीत मदत मिळणं, वजन १५ (५, २, ४)
हवी ती ॲप्स, वजन १० (५, ५, १)

५०० पैकी अँड्रॉइडला ४३५, आयफोनला ३०५, साध्या फोनला २७५. चौथ्या निकषावर हसू नका. आजीच्या मजल्यावर सगळ्यांकडे अँड्रॉइड आहे. अडलं तर शेजारीण येऊन दाखवते. कुठलंही कॉल सेंटर इतक्या लवकर येत नाही.

आता खरी गंमत. माझ्या रूममेटला एकच फोन सहा-सात वर्षं वापरायचा आहे आणि पैसे तिचा मामा देणार आहे. तिने गुण तेच ठेवले, फक्त वजनं बदलली: मराठी ५, किंमत ५, अपडेट ६०, मदत ५, ॲप्स २५. झालं! आयफोन ४००, अँड्रॉइड ३७५. गुण तेच, निकाल उलटा. आपले रात्रभर चालणारे वाद गुणांवरून असतात असं आपल्याला वाटतं, पण खरं भांडण वजनांचं असतं. समोरच्याची वजनं विचारली तर अर्ध्या तासात झोपायला जाता येईल.

५. खास हॉस्टेलकरांसाठी

प्रोजेक्टला ॲप करायचं असेल तर हेही लक्षात घ्या. अँड्रॉइडचं ॲप कुठल्याही साध्या लॅपटॉपवर बनतं, आणि प्ले स्टोअरवर टाकायची फी एकदाच २५ डॉलर. आयफोनसाठी मॅक लागतो आणि वर्षाला ९९ डॉलर. चार्जरचं भांडण मात्र मिटलं आहे. २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथेही यूएसबी-सी आलं, त्यामुळे आता कुणाचाही चार्जर कुणीही पळवू शकतो.

तर आजीला सहा वर्षं अपडेट मिळणारा अँड्रॉइड घेतला. दुकानातच भाषा मराठी केली, अक्षरं मोठी केली, आणि 'दुसऱ्या' टाइप करून पाहिलं. दुकानदार माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. जुन्या फोनमधली इंग्रजी सूचना मी आजीला मराठीत वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही बिघडवला?"

आता मी तिला मराठीत लिहिते. 'ठ' शोधायला मला अजून वेळ लागतो, आणि आजी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवते. हा लेखसुद्धा आधी तिच्याकडूनच तपासून घेतला आहे. तरीही चुका राहिल्या असतील, तर त्या माझ्या.

सुट्टीत घरी गेलात की घरातल्या मोठ्या माणसांचा फोन एकदा हातात घेऊन बघा. तो कुठल्या भाषेत आहे आणि त्याची किती वर्षं उरली आहेत. दोन मिनिटांचं काम आहे.