एका संगणकाला दोन माईक जोडताना



ऊस परिसंवाद आता मेहकर, देऊळगावराजाकडे संगणकावरून ऐकवता येतो. वक्त्यापुढे एक यूएसबी माईक, सभासदांत दुसरा. वक्त्याचे भाषण छान जाते; पण सभासदाने पाण्याच्या पाळीचे विचारलेले पलीकडे पोचतच नाही. मग माईक बिघडला म्हणायचे! बहुधा तो ठणठणीत असतो.

झूमसारखा प्रोग्राम एका वेळी एकच माईक घेतो. दोन्ही एकाच बनावटीचे असले तर यादीत नावेही सारखीच दिसतात. एक काढून दुसरा ओळखावा. साध्या हबवर दोन्ही लावणे म्हणजे एकाच चारीवर दोघांचे बारे. यूएसबी २.० च्या एका तोंडातून ५०० मिलिअँपिअरच मिळतात. तेव्हा स्वतंत्र अडॅप्टरचा हब बरा.

दोन्हींचे एकत्र ध्वनिमुद्रण आणखी अवघड. प्रत्येकाचे आतले घड्याळ वेगळे. दहा हजारांत एकाचा फरक पडला, तरी तासाभरात आवाज सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका मागेपुढे होतो.

आमच्या मते दोन साधे माईक व दोन तोंडांचा एकच इंटरफेस घ्यावा. घड्याळ एकच राहते. मात्र काही प्रोग्राम पहिल्याच तोंडाचा आवाज उचलतात. म्हणून सभेआधी सभासदांच्या माईकवर बोलून दुसऱ्या गावी फोन लावावा आणि ऐकू येते का ते विचारावे.