गाडी पुसण्याचे कापड धुणे, हीही एक विद्या आहे

गाड्या धुण्याचा, पॉलिशचा किंवा डिटेलिंगचा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बंधूंच्या दुकानात चांगले शाम्पू असतात, पॉलिशचे मशीनही असते. पण कोपऱ्यातल्या बादलीत पडलेल्या मळक्या कापडांकडे कोणी फारसे पाहत नाही. आजच्या पाठात आम्ही त्या बादलीविषयीच लिहिणार आहोत.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे गाड्यांचे शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि २००१ पासून शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. गाड्या वाढल्या, तशी त्या धुण्या-पुसण्याची कामेही वाढली. थोड्या भांडवलात सुरू होणारा हा धंदा आपल्या तरुणांना जवळचा वाटतो. मात्र हा धंदा सारा विश्वासावर चालतो.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने उसनवारी करून असे केंद्र थाटले. एके दिवशी काळ्या रंगाची मोटार घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत आले. उन्हात गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसत होत्या. तरुणाने शाम्पूला दोष दिला आणि शाम्पू बदलला. रेघा येतच राहिल्या. शेवटी दोष सापडला तो कापडात. टायर पुसलेले कापड आणि बॉनेट पुसायचे कापड एकाच बादलीत धुतले जात होते, आणि वास चांगला यावा म्हणून त्यात सॉफ्टनर घातले जात होते. कापड दिसायला स्वच्छ होते, पण साफ दिसणे आणि पाक असणे यांतला फरक आपल्या घरांत लहान मुलालाही शिकवला जातो. तोच नियम येथे लागू पडतो.

कापडाचा स्वभाव

आपल्या शहरातील हिमरूच्या विणकराला सूत आणि रेशीम यांचा स्वभाव वेगळा असतो हे सांगावे लागत नाही. मायक्रोफायबरचाही स्वतःचा स्वभाव आहे. त्याचा तंतू १ डेनियरहून बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर तंतूचे वजन १ ग्रॅमही भरत नाही. हे कापड बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन यांचे असते. प्रत्येक तंतू चिरलेला असल्यामुळे त्याच्या फटींत धूळ, पाणी आणि तेल अडकते. हाच त्याचा गुण आहे आणि हाच धोकाही. जे कापड धूळ धरून ठेवते, ते नीट न धुतल्यास तीच धूळ पुढच्या गाडीवर घासते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. कागदाच्या निम्म्या जाडीइतक्या या थरावर अडकलेला वाळूचा एक कण पुरेसा होतो.

धुण्याची रीत

१. कापडांचे चार गट करावेत : रंगावरचे, काचेचे, आतील भागाचे, आणि टायर-चाकांचे. प्रत्येक गटाला वेगळा रंग आणि वेगळी बादली असावी. चाकाचे कापड पुन्हा कधीही बॉनेटवर आणू नये.

२. जमिनीवर पडलेले कापड रंगावर वापरू नये. ते धुऊनही चाकांच्या गटात टाकावे.

३. मेण किंवा पॉलिश लागलेले कापड त्याच दिवशी भिजत घालावे. वाळल्यावर ते तंतूत घट्ट बसते. सिरॅमिक कोटिंग पुसलेले कापड मात्र धुऊन पुन्हा रंगावर वापरू नये. कोटिंग तंतूतच कडक होते आणि ओरखडे पाडते.

४. साबणाची वडी नको, पातळ डिटर्जंट घ्यावा. आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाचा चिकट साका तयार होऊन तंतूंवर बसतो. पावडरचे न विरघळलेले कणही कापडात राहतात.

५. पाणी हाताला सोसेल इतके कोमट, म्हणजे ४० अंशांच्या आसपास असावे. उकळते पाणी आणि इस्त्री यांनी तंतू चिकटतात आणि कापड राठ होते.

६. सॉफ्टनर मुळीच घालू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो, मग कापड पाणी पीत नाही, नुसते पसरवते. ब्लीचही नको, त्याने नायलॉन कमजोर होते.

७. सुती कपड्यांबरोबर धुऊ नये. सुताचा कोंडा या कापडाला चिकटतो आणि नंतर काचेवर उतरतो.

८. तीन पाण्यांतून काढावे आणि दर वेळी पिळावे. शेवटच्या १० लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरा सिरका घातल्यास जड पाण्याचे क्षार सुटण्यास मदत होते. सिरका आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

९. सावलीत, धूळ येणार नाही अशा जागी वाळवावे आणि झाकणाच्या डब्यात ठेवावे. रस्त्याकडेच्या दोरीवर वाळवलेले कापड धूळ घेऊनच परत येते.

कापड चांगले आहे की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती अशी. आरशावर चमचाभर पाणी टाकून त्यावर कापड ठेवावे. पाणी ओढले गेले तर कापड कामाचे. पाणी नुसते पसरले तर ते पुन्हा धुवावे, आणि तरीही सुधारले नाही तर चाकांसाठी ठेवावे.

पाणी आणि हिशेब

ज्या शहराची वसाहत मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने उभारली आणि जिथे त्याने जमिनीखालून नहर खेळवून पाणी आणले, त्या शहराला पाण्याची किंमत सांगण्याची गरज नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपली शिकवण आहे. म्हणून रोज दोन-चार कापडांसाठी मशीन न भरता एका गटाची कापडे जमली की एकत्र धुवावीत. मेण लागलेली कापडे तोवर भिजत राहू द्यावीत. तिसरे पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या पाण्याला वापरावे. तेलकट पाणी मात्र खाम नदीकडे जाणाऱ्या नाल्यात सोडू नये.

आता हिशेब पाहू. समजा एक कापड १०० रुपयांचे आहे. ते २० धुण्यांत वाया गेले तर प्रत्येक वापर ५ रुपयांना पडला. नीट धुऊन १०० वेळा चालले तर तोच वापर १ रुपयाला पडतो. पण खरा हिशेब याहून मोठा आहे. गिऱ्हाईक गाडी आपल्या हाती सोपवून जाते, ती अमानत असते. चुकून रेघ पडली तर लपवून न ठेवता सांगावे आणि आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावे. वर सांगितलेल्या तरुणाने तेच केले. त्या महिन्याची कमाई गेली, पण ते गिऱ्हाईक आजही त्याच्याकडेच येते. आमच्या बंधूंनी आज दुकान बंद करण्यापूर्वी एकदा ती बादली उघडून पाहावी, एवढीच विनंती.