बॉम्बफेकी विमानांतील थकलेली माणसे : एका दूरचित्रवाणी मालिकेचा अभ्यास

दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांवर पुष्कळ कथा व चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी बहुतेकांचा विषय पराक्रम हा होता. पराक्रम करणाऱ्या माणसाची सहनशक्ती कोठे संपते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी हाताळला. 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका या थोड्यांत मोडते. १८ सप्टेंबर १९६४ रोजी ती एबीसी या वाहिनीवरून सुरू झाली आणि जानेवारी १९६७ पर्यंत तिचे ७८ भाग दाखविले गेले.

मालिकेचे नाव वैमानिकांच्या सांकेतिक भाषेतून आले आहे. शत्रूचे विमान कोणत्या दिशेस आहे हे सांगण्यासाठी ते घड्याळाच्या तबकडीचा आधार घेत. विमानाचे नाक जिकडे, तिकडे बारा वाजले असे समजावयाचे. त्यामुळे या शब्दांचा अर्थ 'अगदी समोर आणि वरच्या अंगास' असा होतो. आरंभीच्या बी-१७ विमानांची समोरील बाजू तोफांच्या दृष्टीने दुबळी होती. जर्मन लढाऊ वैमानिकांनी हे हेरले व ते समोरूनच झेपावू लागले.

मालिकेचे मूळ बर्न ले व साय बार्टलेट यांच्या १९४८ सालच्या कादंबरीत आहे. तिच्यावर १९४९ मध्ये हेन्री किंग यांनी चित्रपट काढला व त्यात ग्रेगरी पेक यांनी मुख्य भूमिका केली. दोन्ही लेखक युद्धकाळात अमेरिकन हवाई दलात होते. जानेवारी १९४३ मध्ये इंग्लंडमधील ३०६ व्या बॉम्बर गटाची कामगिरी ढासळली, तेव्हा जनरल ईकर यांनी गटप्रमुखास दूर करून कर्नल फ्रँक आर्मस्ट्राँग यांस नेमले. कथेचा पाया हाच प्रसंग होय. कथेतील ९१८ हा गटक्रमांक ३०६ ची तिप्पट आहे.

या माणसांवरील ताण समजण्यासाठी त्यांचे काम समजून घेतले पाहिजे. ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने मुख्यतः रात्री उडत. अमेरिकनांनी दिवसाउजेडी हल्ल्याचे धोरण स्वीकारले. बी-१७ मध्ये दहा माणसे असत. सुमारे २५,००० फूट उंचीवर प्राणवायूच्या मुखवट्याखेरीज जगणे अशक्य होते आणि थंडी शून्याखाली ४० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली जाई. १७ ऑगस्ट १९४३ रोजी रेगेन्सबुर्ग व श्वाइनफुर्ट या शहरांवर ३७६ विमाने पाठविण्यात आली. त्यांपैकी ६० गमावली. म्हणजे एका दिवसात सुमारे सहाशे माणसे आपल्या तळावर परतली नाहीत. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवर पुन्हा हल्ला झाला, त्यातही ६० विमाने गेली.

अशा स्थितीत प्रत्येकासाठी २५ मोहिमांची मर्यादा ठरविली होती. धोका घटल्यावर, १९४४ मध्ये, ती ३० व पुढे ३५ करण्यात आली. ही मर्यादा केवळ प्रशासकीय नव्हती. ज्या संकटाला शेवट आहे ते माणूस अधिक काळ सोसतो, हा अनुभव तिच्यामागे होता. तरीही काहींचे बळ त्याआधीच संपे. ब्रिटिश हवाई दलात अशांच्या नावापुढे 'नैतिक धैर्याचा अभाव' असा शेरा पडे. थकवा व भित्रेपणा यांतील सीमारेषा अशा रीतीने लेखणीच्या एका फटकाऱ्याने ठरविली जाई.

हीच सीमारेषा चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. पहिला गटप्रमुख आपल्या माणसांच्या दुःखाशी एकरूप होतो, म्हणून त्याला काढण्यात येते. त्याच्या जागी आलेला जनरल सॅव्हेज कठोर शिस्तीने गट सावरतो. परंतु शेवटी विमानात चढण्यासाठी वर केलेले त्याचेच हात त्याला साथ देत नाहीत. कठोरपणा हा थकव्यावरील उपाय नसून तो केवळ लांबणीवर टाकण्याचा मार्ग आहे, असे हा प्रसंग सुचवितो.

मालिकेपुढे अडचण निराळी होती. ज्या नायकाला दर आठवड्यास परत यावयाचे आहे, तो असा कोसळून चालत नाही. त्यामुळे मनाने खचण्याचे प्रसंग बहुधा एखाद्या भागापुरत्या येणाऱ्या पात्रांच्या वाट्याला गेले आणि सॅव्हेज (रॉबर्ट लान्सिंग) त्यांचा न्यायाधीश ठरला. मात्र दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी, सप्टेंबर १९६५ मध्ये, सॅव्हेज मारला गेल्याचे दाखविण्यात आले आणि जो गॅलहर (पॉल बर्क) हा नायक झाला. पहिल्याच भागात मोहीम अर्ध्यावर सोडल्याबद्दल सॅव्हेजने ज्याला भित्रा ठरवून नाकर्त्या समजल्या गेलेल्या माणसांच्या विमानावर नेमले होते, तोच हा गॅलहर. ज्याच्यावर ठपका आला, त्याच्याच हाती पुढे इतरांना मोहिमेवर पाठविण्याचा अधिकार आला.

मालिकेचे खरे मोल या बदलात आहे. धैर्य हा काहींना लाभलेला आणि काहींना नाकारलेला जन्मजात गुण नाही. तो खर्च होणारा साठा आहे आणि विश्रांतीने काही अंशी भरून येतो. इंग्लंडमधून लढलेल्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातील २६,००० हून अधिक माणसे या युद्धात मृत्यू पावली. जे जिवंत परतले त्यांच्यापैकी किती जणांचा हा साठा रिता झाला होता, याची नोंद मृतांच्या यादीत सापडत नाही. म्हणूनच माणसाला कामाला जुंपणाऱ्याने त्याची सोसण्याची मर्यादा आधी ओळखली पाहिजे, हा या कथेचा बोध युद्धभूमीपुरता सीमित राहत नाही.