शस्त्रक्रिया आणि रक्तातील साखर



आजाऱ्याची सेवा हा धम्माचाच भाग आहे, हे तथागतांनी एका आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः करून दाखवून दिले. पूज्य बाबासाहेबांनीही आयुष्याची अखेरची वर्षे मधुमेहाशी झुंजत कार्य केले. म्हणून हा विषय आपण सर्वांनी समजून घेऊ या.

शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीरात ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि यकृतातील साखर रक्तात उतरते. त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर वाढू शकते. अशा वेळी जखम उशिरा भरते, पू होण्याचा धोका वाढतो. उलट, रुग्ण उपाशी असताना इन्सुलिनचा वा गोळ्यांचा अंमल राहिला तर साखर घसरते. जागा माणूस घाम, थरथर, चक्कर सांगतो. भूल दिलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. त्याच्या वतीने तपासणीच बोलते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी, ती चालू असताना दर एक-दोन तासांनी आणि नंतरही साखर पाहतात. दर १०० मिलिलिटर रक्तात साधारणतः १०० ते १८० मिलिग्रॅम साखर ठीक समजतात. ७० च्या खाली धोका.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत सिकलसेल बराच आढळतो. विदर्भातील बौद्ध समाजातही तो आहे. मागील तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून साखर जास्त असूनही आकडा कमी येऊ शकतो. बोटातील थेंबावर चालणारे यंत्र तर रक्तक्षयात साखर खरीपेक्षा जास्त दाखवू शकते. अशा वेळी प्रयोगशाळेतील तपासणीने खात्री करणे योग्य.

म्हणून एवढे करावे :

१. मधुमेह, सिकलसेल वा रक्तक्षय असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.
२. चालू गोळ्या व इन्सुलिन दाखवावे. कोणते औषध किती दिवस आधी थांबवायचे हे डॉक्टरच ठरवतील. मनाने बंद करू नये.
३. उपाशी किती वेळ राहायचे ते नीट विचारून घ्यावे.
४. घरी आल्यावरही साखर तपासत राहावे.

आपल्या वस्तीतील जे आजी-आजोबा अक्षरओळखीअभावी कागद वाचू शकत नाहीत, त्यांच्यासोबत एका विद्यार्थ्याने दवाखान्यात जावे. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?