बऱ्हाणपूरच्या वाटेवरचा धम्म

प्रश्न : आमच्या बऱ्हाणपुरात शाही किल्ला आहे, जामा मशीद आहे, गुरुद्वारा आहे, दर्गे आहेत, पण बुद्धाशी नातं सांगणारं जुनं काही दिसत नाही. बौद्ध धर्म या भागात कधी आलाच नव्हता का? आणि मुळात बुद्धाने शिकवलं काय?
— एक वाचक, बऱ्हाणपूर

उत्तर : तुमचं शहर वसवलं फारुकी सुलतानांनी, म्हणजे त्याचं वय सहाशे वर्षांच्या आसपास. बुद्ध त्याच्याही सुमारे दोन हजार वर्षं आधीचे. पण शहर नव्हतं तेव्हाही वाट होती. दख्खनमधून माळव्यात जायचं तर तापी ओलांडायची आणि असीरगडाजवळच्या खिंडीतून सातपुडा पार करायचा. खांडव्याची रेल्वेसुद्धा आज तीच खिंड धरते.

या दिशेने झालेल्या एका प्रवासाची कथा सुत्तनिपात या फार जुन्या पाली ग्रंथात आहे, आणि ती मला मनापासून आवडते. गोदावरीकाठी बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण राहत होता. यज्ञात सगळं वाटून तो रिकामा झाला होता. तेवढ्यात एक याचक आला आणि पाचशे नाणी मागू लागला. ती मिळाली नाहीत तेव्हा त्याने शाप दिला, ‘सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील.’ घाबरलेल्या बावरीला कळलं की याचं उत्तर बुद्धांकडे आहे. त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती असं करत ते मगधात पोचले. पैठण ते माहिष्मती या टप्प्यातल्या मुक्कामांची नावं ग्रंथात नाहीत, पण तापी ओलांडल्याशिवाय तो टप्पा पुरा होत नाही.

बुद्धांनी शाप उतरवण्याचा मंत्र दिला नाही. अज्ञान हेच ते डोकं, आणि ते फुटतं ज्ञानाने, असं त्यांनी सांगितलं. मग सोळाही जणांनी एकेक करून आपापले प्रश्न विचारले.

या एका उत्तरात बुद्धांची रीत दिसते. शाक्य कुळातल्या सिद्धार्थ गौतमाने एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलं, पस्तिसाव्या वर्षी बोधगयेला पिंपळाखाली त्याला बोध झाला आणि सारनाथला त्याने पहिला उपदेश केला. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण म्हणजे तृष्णा. ती संपते, आणि ती संपवण्याची वाट आहे. ही वाट अष्टांगिक मार्गाची. नीट पाहणं, नीट बोलणं, प्रामाणिक उपजीविका, सजग मन ही तिची काही अंगं. देहदंड नको, चैनही नको. पुढची पंचेचाळीस वर्षं ते पायी फिरत हेच सांगत राहिले.

भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायचा नियम होता. त्या वर्षावासातून विहार उभे राहिले. भिक्षू भिक्षेवर जगणारे, म्हणून विहार तांड्यांच्या वाटांपासून फार लांब नसत, आणि दान देणाऱ्यांत व्यापारीही असत. अजिंठा तुमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे गेलात तर आधी दहाव्या क्रमांकाचं लेणं पाहा. इसवी सनाआधीच्या त्या चैत्यगृहात आतल्या टोकाला साधा स्तूप आहे. मग सव्विसाव्यात जा. तिथे भिंतीच्या कडेने आडवे झालेले महापरिनिर्वाणातले भव्य बुद्ध दिसतील. स्तूपापासून मूर्तीपर्यंतचा हा बदल अभ्यासायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पाचव्या शतकात वाकाटक हरिषेणाच्या काळात तिथे मोठं काम झालं. तो गेल्यावर ते लवकरच थांबलं. निमाडात कसरावदजवळ स्तूपांचे अवशेष मिळाले आहेत. बाघच्या लेण्यांत माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला. त्यात विहारासाठी दिलेल्या गावाची नोंद आहे. तेव्हा धर्म तुमच्या भागात होता, आणि चांगला रुजला होता.

पुढे राजाश्रय आटला, व्यापाराच्या वाटा बदलल्या, विहार ओस पडले. धम्म मात्र तोवर श्रीलंका, ब्रह्मदेश, चीनपर्यंत पोचला होता, म्हणूनच तो परत येऊ शकला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशचे. सत्यनारायण गोएंकाही विपश्यना ही ध्यानपद्धती तिथेच शिकले. त्यांचं इगतपुरीचं केंद्र 1976 पासून चालू आहे. बाबासाहेबांचा जन्म तुमच्याच राज्यातला, महूचा.

आचरण पाहायचं असेल तर पुस्तकापेक्षा जवळच्या बुद्धविहारात जा. पांढरे कपडे घातलेली माणसं त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं; पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा संकल्प. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून, अनेक ठिकाणी रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. एखादा माणूस वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि कुणाला काही अडलं तर वाचन थांबवून विचारतात. तुम्हीही विचारा.