ब्रायनचा जोडा आणि नगरचा पाहुणा

प्रश्न : हॉस्टेलवर असताना कुणीतरी आणलेल्या झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आम्ही 'लाइफ ऑफ ब्रायन' पाहिला होता. हसून हसून पुरेवाट झाली; पण आमच्यातला एक ख्रिस्ती मित्र मध्येच उठून गेला, ते मनात राहिलं. आता मुलगी कॉलेजात आहे, तिला दाखवावा म्हणतो. हा सिनेमा खरंच येशूची टिंगल करतो का? आणि आमच्या नगरचा कुणी त्यात आहे असं ऐकलं, ते खरं की थाप?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आधी नगरचं. थाप नाही. स्पाइक मिलिगन हा इंग्रजी विनोदातला मोठा माणूस, आणि त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणचा काही काळ पुण्यातही गेला. पुढे १९५०च्या दशकात बीबीसी रेडिओवर त्याच्या 'द गून शो'ने जो धुमाकूळ घातला, तो ऐकतच 'ब्रायन' बनवणारी मॉन्टी पायथन ही विनोदी मंडळी लहानाची मोठी झाली. १९७८ साली ही मंडळी ट्युनिशियात 'ब्रायन'चं चित्रीकरण करत होती, आणि मिलिगन नेमका तिथेच सुटीवर आलेला. दुसऱ्या महायुद्धात आपण जिथे लढलो त्या जागा पुन्हा पाहायला. गुरूच सापडला म्हटल्यावर सोडतात कशाला? अंगावर झगा चढवला आणि गर्दीत उभा केला. जवळून घ्यायचे शॉट बाकी असतानाच स्वारी निघून गेली.

तो दिसतो तो प्रसंग मात्र अख्ख्या सिनेमाचा कणा आहे. तुमच्या येशूबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

रोमन शिपायांना चुकवण्यासाठी सिनेमाचा नायक ब्रायन बाजारातल्या प्रवचनकारांच्या रांगेत उभा राहतो आणि तोंडाला येईल ते बरळू लागतो. शिपाई गेले तसा तो वाक्य अर्धवट टाकून चालू लागतो. झालं! अर्धवट राहिलं म्हणजे त्यात काहीतरी गूढ असणार. लोक मागे लागतात. पळताना त्याच्या हातातला भोपळा एकीला मिळतो आणि पायातला एक जोडा गळून पडतो. गर्दी थबकते. एक म्हणतो, ही खूण आहे, आपणही एक पायताण काढून हातात धरायचं. दुसरा म्हणतो, छे, जोडे गोळा करायचे. तिसरीचं म्हणणं, जोडा सोडा, भोपळ्यामागे चला. मिनिटभरात तीन पंथ तयार. या गदारोळात आपला नगरचा पाहुणा हात वर करून सगळ्यांना थांबवतो, प्रार्थना करू या म्हणतो आणि गंभीर आवाजात सुरुवातही करतो. तोवर गर्दी पुढे पळालेली असते. तो इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो. प्रार्थना करायला थांबलेला एकमेव माणूस एकटा पडतो!

पुढचं आणखी बोचरं आहे. ब्रायन एका खड्ड्यात पडतो. तिथे अठरा वर्षं मौन पाळलेला एक नागडा साधू बसलेला असतो. पाय चेंगरल्यामुळे त्याचं मौन मोडतं. गर्दी येते, झुडपावरची फळं ओरबाडते आणि झुडपाला फळं आली हाच चमत्कार ठरवते. साधू चिडून सांगतो की ही माझी झुडपं आहेत, यात चमत्कार कसला, आणि या ब्रायनला मी मानत नाही. लगेच पाखंडी म्हणून आरोळी उठते आणि म्हाताऱ्याला उचलून नेतात. जोडा ते पाखंड्याचा बळी, एवढा प्रवास काही मिनिटांत.

आपण पालखीत पादुका ठेवून पंढरीला नेणारी माणसं. म्हणून तो जोडा पाहताना मराठी प्रेक्षक हसता हसता जरा सावरून बसतो. मला त्यात अवघडण्यासारखं काही वाटत नाही. वारीत पादुकांमागे चालणाऱ्यांना ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग तोंडपाठ असतात. ब्रायनचं म्हणणं काय होतं, हे जोडा उचलणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. त्याचं काही म्हणणंच नव्हतं.

आता येशू. तो सिनेमात आहे, ब्रायनपासून अगदी वेगळा. सुरुवातीलाच तीन ज्ञानी पुरुष चुकून ब्रायनच्या गोठ्यात भेटी देऊन जातात, आणि शेजारचा येशूचा गोठा दिसल्यावर परत येऊन त्या हिसकावून नेतात. मग डोंगरावरचं प्रवचन येतं. केनेथ कॉली या नटाने येशूची भूमिका सरळ, आदराने केली आहे. विनोद घडतो तो मागच्या रांगेत, जिथे धड ऐकू येत नाही आणि जो तो आपल्याला हवं ते ऐकतो. पायथन मंडळींनी लिहायला बसताना येशूवरच काही करायचा विचार केला होता. वाचन केल्यावर त्याच्या शिकवणुकीत हसण्यासारखं काही सापडेना, म्हणून त्यांनी मोर्चा अनुयायांकडे वळवला. तेव्हा येशूची टिंगल? नाही. श्रद्धावंतांची? हो, सडकून. तुमचा मित्र उठून गेला त्याला मी नावं ठेवणार नाही. शेवटी क्रुसावर टांगलेली माणसं शीळ घालत गाणं म्हणतात; ज्याच्या घरात क्रूस टांगलेला आहे त्याला ते झोंबणारच. ते झोंबणं खोटं ठरवून सिनेमाची बाजू घ्यावी, असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे हा सिनेमा होऊ शकला तो एका कृष्णभक्तामुळे. १९७७ साली इंग्लंडमध्ये 'गे न्यूज' या नियतकालिकाला ईश्वरनिंदेच्या खटल्यात शिक्षा झाली होती, त्यामुळे वातावरण तापलेलं. सिनेमाला पैसे देणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख लॉर्ड बर्नार्ड डेलफॉन्ट यांनी संहिता वाचली आणि मंडळी ट्युनिशियाला निघायच्या बेतात असताना पैसे काढून घेतले. तेव्हा बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पुढे आला. याच हॅरिसनने १९७३ साली लंडनजवळचा एक वाडा हरे कृष्ण मंडळींना देऊन टाकला होता. त्याने स्वतःचं घर गहाण टाकलं आणि हँडमेड फिल्म्स ही कंपनी काढली. कारण विचारलं तर एवढंच, की मला हा सिनेमा बघायचाय. नामस्मरण करणाऱ्या माणसाला बुवाबाजीवरचा विनोद खटकला नाही, हे मला त्या वेळच्या सगळ्या वादविवादांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

वाद म्हणजे तरी केवढा! आयर्लंडमध्ये १९८७पर्यंत बंदी. नॉर्वेतही काही काळ बंदी. शेजारच्या स्वीडनने लगेच जाहिरात केली, इतका विनोदी की नॉर्वेत बंदी घातली. ब्रिटनमध्ये गावोगावच्या नगरपालिकांनी तो अडवला, त्यात हद्दीत एकही थिएटर नसलेल्या नगरपालिकाही होत्या. ९ नोव्हेंबर १९७९ला बीबीसीवर झालेली चर्चा आजही बघायला मिळते. एका बाजूला पायथन मंडळींतले जॉन क्लीज आणि मायकेल पेलिन. दुसऱ्या बाजूला गळ्यात भलाथोरला क्रूस घातलेले साउथवर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड आणि पत्रकार माल्कम मगरिज. मगरिज म्हणजे मदर तेरेसांना जगापुढे आणणारे, आणि त्याआधी 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे संपादक! सूत्रसंचालन टिम राइसकडे, ज्याने 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'ची गीतं लिहिली. सिनेमा पाहायला बिशप आणि मगरिज उशिरा पोचले होते, म्हणजे येशू आणि ब्रायन वेगळे आहेत हे दाखवणारा भागच हुकला. नेहमी सौम्य असणारा पेलिन त्या दिवशी खरोखर चिडलेला दिसतो. पुढे या चर्चेचंच विडंबन टीव्हीवर आलं, आणि त्यात बिशप झाला होता रोवन अ‍ॅटकिन्सन, आपला मिस्टर बीन.

आज पाहताना सगळंच टिकलंय असं नाही. रोमन सुभेदार पिलाताच्या बोबडेपणावरचा विनोद मला तेव्हाही लांबलेला वाटला होता, आता तर फास्ट फॉरवर्ड करावासा वाटतो. बाई व्हायचं म्हणणाऱ्या स्टॅनचा प्रसंग तुमच्या मुलीच्या पिढीला वेगळा ऐकू येईल. त्यावर घरात वाद झाला तर होऊ द्या. मध्येच उडती तबकडी का येते, हे विचारू नका. उलट रोमनांना सोडून एकमेकांनाच फुटीर म्हणणाऱ्या क्रांतिकारकांच्या चिमुकल्या संघटना जराही जुन्या झालेल्या नाहीत. मराठी वाचकाला इथे उदाहरणं पुरवायला नकोत. आणि भिंतीवरची लॅटिन! ब्रायन रात्री रोमनांविरुद्ध घोषणा रंगवत असतो. क्लीजने केलेला शिपाई त्याला पकडतो आणि त्याचं व्याकरण तपासू लागतो. 'देवः देवौ देवाः' चुकल्यावर संस्कृतचे मास्तर कान पिळत, तसा हाही कान धरून विभक्ती विचारतो, मग गळ्याशी तलवार लावतो. शिक्षा काय, तर बरोबर वाक्य शंभर वेळा लिही. उजाडेपर्यंत राज्यकर्त्यांचा निषेध शुद्ध लॅटिनमध्ये अख्ख्या भिंतीवर.

मुलीला दाखवा, बिनधास्त. एका प्रसंगात ब्रायन खिडकी उघडतो तो पूर्ण विवस्त्र असतो, तेवढं आधी लक्षात असू द्या, नाहीतर दोघांचीही पंचाईत. ब्रायनची प्रेयसी जुडिथ हिची भूमिका करणारी स्यू जोन्स-डेव्हिस पुढे वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ गावाची महापौर झाली आणि २००९ साली तिने पेलिन आणि दिग्दर्शक टेरी जोन्स यांना बोलावून तिथे या सिनेमाचा खेळ लावला, हेही मुलीला सांगा. आणि गाणं संपत आलं, नावं वर सरकू लागली म्हणून टीव्ही बंद करू नका. पायथनमधलाच एरिक आयडल तिथे पुटपुटत असतो, असल्या सिनेमाला पैसे देतं तरी कोण, आणि कुणा 'बर्नी'ला सांगतो, की यांचे पैसे काही वसूल व्हायचे नाहीत. हा बर्नी म्हणजे लॉर्ड डेलफॉन्ट. पैसे वसूल झाले, वर भरपूर नफाही झाला.