पणजीचं लुगडं

चि. मुक्ता,

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ दोन दिवसांत वाचून काढलंस, फार बरं वाटलं. पण आता आजीचं सोवळंओवळं तिच्यादेखत मोडून काढणार, असं लिहिलंयस. जरा थांब, बाळा.

तुझ्या वयाची असताना मीही हे पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दांडीवर वाळत घातलेल्या तुझ्या पणजीच्या सोवळ्याच्या लुगड्याला मुद्दाम हात लावला. ती एक शब्द बोलली नाही. काठीनं लुगडं खाली घेतलं, पुन्हा भिजवलं, पिळलं, वाळत टाकलं. ते वाळेपर्यंत चुलीपाशी गेली नाही. तिला जेवायला तीन वाजले. मी मात्र वेळेवर जेवले होते, ते अजून घशाशी येतं.

पुस्तकाची सुरुवात पुन्हा वाच. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील 1857च्या धामधुमीत फासावर गेले, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानं सोवळं धरलं ते सोडलंच नाही. घरातल्या सगळ्यांचे त्यात हाल झाले. लक्ष्मीबाई ते लपवत नाहीत, पण वडिलांवर सूडही उगवत नाहीत. त्या सोवळ्याच्या तळाशी भीती होती, हे त्यांना दिसलं होतं.

आणि सोवळं मनातून जायला त्यांना स्वतःला किती वेळ लागला बघ. त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 साली. मधली वर्षं ताटातुटीची, रडण्याची, मग पुन्हा संसार जुळवण्याची. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. स्वतःला पटेल तसा एकेक विटाळ मनातून काढत गेल्या. टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य बाईंनीच पुरं केलं. नावच बघ ना, रामायणाच्या वळणाचं! माहेरचं सगळं टाकून त्या गेल्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबू नकोस. कामाच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो ना? तो आजच आत आण, आपल्या कपांत ठेव, आणि का ते आजीला स्पष्ट सांग. आजीचे उपास, तिचं सोवळं हा तिचा जीव आहे. त्या कपात दुसऱ्याचा अपमान आहे.

मग संध्याकाळी आजीपाशी बस. सोवळं तिला कुणी लावलं, लहानपणी त्याचा कंटाळा यायचा का, असं विचार. माझ्या आजीला मी हे कधी विचारलं नाही. काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
आत्या